सतरंजीबाई

"सांभाळा गड्याहो, सतरंजीबाई आली!"

दिघोरीच्या चावडीत खांबाआडून कुणीतरी पुटपुटलं आणि पुरुषांच्या रांगेत हसू पसरलं. माझ्या आत्यानं ते ऐकलं. चपला काढून ती सरळ मागच्या दाराशी गेली आणि तिथं अंग चोरून बसलेल्या बायकांच्या सतरंजीची टोकं तिनं मुठीत धरली. "उठू नका वं, बसूनच राहा!" असं म्हणून तिनं ओढायला सुरुवात केली. बायका हातांनी जमीन रेटत, हसत, पदर सावरत थेट सरपंचांच्या खुर्चीसमोर आल्या. त्यांच्यात मीही होते, आणि लाजेनं मला कुठं पाहावं ते कळत नव्हतं.

आत्या पवनीला शाळेत शिकवायची. पंचाहत्तर सालच्या महिला वर्षाची भाषणं सगळीकडे गाजत होती तेव्हापासून रविवार आला की ती एस.टी. पकडून कुठल्या ना कुठल्या गावच्या सभेत हजर. "बाईनं दाराशी बसावं असं घटनेत कुठं लिहून आहे? दाखवा मले, आत्ताच जाऊन बसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा एक पाटील म्हणाले, "बाई, घटना दिल्लीत आहे. हे दिघोरी होय."

"मंग मतं मागाले दिल्लीचे लोक दिघोरीत कायले येतेत?" आत्या म्हणाली. पाटलांनी पानाचा डबा उघडला.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली. सुट्टीत आत्या मला सोबत न्यायची आणि वाटेत चिडवायची, "इंग्रजीत डिबेट करते म्हणे, अन् मराठीत सासूपुढं बसल्यासारखी गप!" मी खिडकीबाहेर बघायची.

एवढी बोलकी, पण दुसऱ्या बाईचं गाऱ्हाणं ती कधीच मांडत नसे. "मास्तरीनबाई, तुम्हीच सांगा ना," असं कुणी म्हटलं की म्हणायची, "मायं तोंड मी उसनं देत नाही. तुले देवानं दिलं आहे ना?" मला ते फार कठोर वाटायचं.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. तिचा विषय निघाला की मला दिघोरीच्या चावडीतली ती दुपारच आठवते.

पाऊस लवकर उघडला होता, धान निसवायला, लोंब्या धरायला आला होता आणि तलावाच्या पाण्याच्या पाळ्या ठरत होत्या. कोतवाल नाव पुकारायचा, घरच्या पुरुषानं "हाजिर" म्हणायचं. हाक रिकामी गेली, तर पाळी शेवटी. सतरंजीवर माझ्या शेजारी बसलेल्या शेवंतामावशीचा नवरा सुखराम तिला टाकून तुमसरला दुसरा संसार करत होता. धानाची बांधी एकटी मावशी कसायची, पण पुकारा अजून त्याच्याच नावाचा व्हायचा. मागच्या साली तिची पाळी येईस्तोवर तलावात चिखल उरला होता आणि उभा धान वाळून गेला होता.

"सुखराम!" कोतवालानं हाक दिली.

मावशी उभी राहिली. ओठ हलले, पण आवाज फुटेना.

"सुखराम साडी नेसून आला का बे?" मागून कुणीतरी म्हटलं. चावडी खदखदून हसली. मी आत्याकडे पाहिलं. ती मांडीवर मुठी आवळून बसली होती, डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड घट्ट मिटलेलं. कोतवालानं पुढच्या नावासाठी घसा खाकरला.

मी कधी उठले ते मलाच कळलं नाही.

"थांबा! शेवंतामावशी उभी आहे. तिचं नाव घ्या."

कोतवालानं सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी आधी आमच्या सतरंजीकडे पाहिलं, मग हळूच मान हलवली.

"शेवंताबाई!"

मावशीनं तोंडावरचा पदर काढला.

"हाजिर! अन् आता दर साली हेच नाव पुकारजा!"