आबांनी जाहीर केलेली नर्स

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पास होईन अशी खात्री मलाच नव्हती, आणि झाले ती चांगल्या मार्कांनी. अंगणात तीन गिरक्या घेतल्या, गोठ्यातल्या पारडीच्या गळ्यात पडले आणि आईला सांगून टाकलं, मी नर्स होणार. आईने विचारलं, म्हणजे नेमकं काय करणार? ते मलाही माहीत नव्हतं. पांढरे बूट, हातावर घड्याळ आणि डॉक्टरही ज्यांना जरा बिचकून असतात अशा सिस्टर, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

नर्स व्हायला एक नाही, तीन वाटा आहेत हे मामाने समजावलं. मामा नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असतात आणि तो घरच्यांशीही कामगारांशी बोलावं तसं बोलतो. त्याने वहीच्या पाठीमागे आकृती काढली. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला प्रवेश परीक्षा लागते. जीएनएम तीन वर्षांचं, ते झालं की नोंदणी होते आणि माणूस मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होतो. आणि एएनएम दोन वर्षांचं, गावच्या उपकेंद्रात लसी टोचणाऱ्या आणि बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरचं. शेवटच्या वाटेवर त्याने पेनाने काट मारली. म्हणाला, ही अर्धी नर्स असते, हिच्या नादी लागू नको, वर्षभर घरी बस आणि पुढच्या वर्षी परीक्षा देऊन बी.एस्सी. कर.

घरी बस म्हणणं मामाला सोपं होतं. आमच्याकडे पोरगी वर्षभर घरी बसली की पाहुणे पोहे खायला यायला लागतात, आणि दोन-तीनदा पोहे केले की पोरगीसुद्धा जाते. जीएनएमच्या त्या वर्षीच्या यादीत माझं नाव दोनदा शोधलं, नव्हतं. राहिली ती काट मारलेली वाट. एएनएम झालेल्या मुलींना पुढे जीएनएम करता येतं असं मला कळलं होतं, आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की दोन अधिक तीन करायचे. मामा म्हणाला, चारच्या जागी पाच वर्षं लावणारी शहाणी पहिल्यांदाच बघतोय. मी रागाने त्याची वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली. आबांना मात्र आकृतीत काडीचा रस नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील, घोडेगावच्या बाजारात म्हशींचे व्यापारी. आमच्या घरात कुठलीही गोष्ट धार काढून बघितल्याशिवाय येत नाही. म्हैस कितीही देखणी असो, गिऱ्हाईक म्हणतं, बस खाली आणि काढून दाखव. त्यातही एक वेळची धार चुकवून कास फुगवून आणणारे महाभाग असतात, ते आबांच्या नजरेतून सुटत नाहीत. कारण उघड आहे, तरुणपणी तो उद्योग त्यांनीही केलेला आहे. तर आबा म्हणाले, अर्धी का पूर्ण ते नंतर बघू, आधी कॉलेज बघून येऊ.

पहिल्या कॉलेजला काचेची दारं होती आणि दारात फुलदाणी. एका खोलीत पलंगावर रबराची बाई निजवलेली होती. आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शेजारच्या मॅडमना विचारलं की शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी बोलवाल का, मला बीपी मोजून हवंय. मुलगी आली. तिने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क म्हणाला, मशीन कपाटात आहे, कपाटाची किल्ली सरांकडे आहे आणि सर शिर्डीला दर्शनाला गेलेत. बाहेर आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "भाकड हाय." दुसऱ्या कॉलेजात मशीन निघालं, पण पट्टा उलटा गुंडाळला गेला. मला हसू आवरेना आणि त्या मुलीची दयाही येत होती.

तिसरी जागा म्हणजे एका साध्या रुग्णालयाच्या मागची एएनएमची शाळा. पत्र्याचं वसतिगृह, दोरीवर वाळत घातलेले निळे गणवेश. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वॉर्डातून ओल्या हातांनीच आली. तिने आबांना बाकावर बसवलं आणि विचारलं, काका, आत्ता तंबाखू खाल्लीय का? आबांना बाहेर जाऊन थुंकून यावं लागलं. मग ती म्हणाली, आता दहा मिनिटं बसायचं, बोलायचं नाही, मग मोजते.

आबा दहा मिनिटं गप्प बसले. ज्यांचा आवाज बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, ते आबा गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडे वळले होते. मोजल्यावर बीपी वाढलेलं निघालं. आबा म्हणाले, मशीनमध्ये खोट असणार. तिने दुसऱ्या हातावर मोजून दाखवलं, तेही तेवढंच. मग वाद न घालता तिने त्यांना डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. परीक्षा घ्यायला गेलेला माणूस गोळ्यांचं पाकीट खिशात घालून परतला आणि जाता जाता माझ्या प्रवेशाच्या अर्जावर सही करून आला.

ती दोन वर्षं मी हवेतच होते. सुई टोचायचा सराव मोसंब्यांवर व्हायचा. मोसंब्या आमच्या गावाकडच्या असल्यामुळे माझा वर्गात भाव होता, आणि टोचून झालेल्या मोसंब्या आम्ही खाऊनही टाकायचो. महिन्याभरातच वॉर्डात घातलं. माझं पहिलं खरं इंजेक्शन एका आजोबांना दिलं. सुई काढून कापूस दाबला तरी ते विचारत होते, बाई, टोचणार कधी? मी धावत वसतिगृहात गेले आणि खाटेवर उड्या मारल्या. कामाला वाघ होते मी, पण डोक्यात शहाणपण जरा उशिराच शिरतं.

कारण घरी काय चाललंय ते मला कळलं नाही. आबांनी पहिल्या सहामाहीतच बाजारात जाहीर करून टाकलं होतं की माझी पोरगी नर्स झाली. दोन वर्षं संपून मी पास झाले तोवर मी त्यांच्या बोलण्यात मोठी सिस्टर झाले होते, आणि नगरच्या कुठल्याशा हॉस्पिटलचे डॉक्टर मला विचारून निर्णय घेत होते. तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी जागा निघाली होती. दोन चांगली स्थळंही आली होती, तीही नर्स मुलगी म्हणूनच. आबांच्या लेखी विषय संपलेला होता. आणि माझ्या पिशवीत जीएनएमच्या माहितीचा कागद घडी घालून पडला होता. अजून तीन वर्षं हवीत हे आबांना कसं सांगायचं, हेच मला कळत नव्हतं. सांगायला तोंड उघडायचे आणि भलतंच बोलून मोकळी व्हायचे.

अशात एका बाजाराच्या दिवशी आबा म्हणाले, तुझं ते बीपीचं मशीन घे आणि चल. मला वाटलं, आबांचंच बीपी असेल. बाजारात पोचले तर चहाच्या टपरीपुढे खाट टाकलेली आणि समोर आबांचे सगळे जोडीदार बाह्या वर करून रांगेत उभे. मी बसले आणि मोजत सुटले. काय मजा आली म्हणून सांगू. एक जण बीपी मोजून झाल्यावर भविष्यही सांगा म्हणाला. दुसऱ्याने पट्टा सुटायच्या आत म्हशीचंही बघा असा आग्रह धरला आणि त्याची म्हैस मागून डोकं घालून माझ्या वहीचा कोपरा चघळू लागली. आबा खाटेच्या उशाशी उभे राहून प्रत्येकाला माझे गुण सांगत होते, अगदी म्हशीचे सांगतात त्याच सुरात. मी लाजत होते आणि मनातून प्रचंड खूश होते.

रांगेतला सातवा की आठवा एक म्हातारा व्यापारी होता, आबांचा जुना जोडीदार. तो खाटेवर बसला आणि बसल्या बसल्या त्याला दरदरून घाम फुटला. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय म्हणाला. त्याचा हात गार पडला होता. माझं हसू जागच्या जागी विरलं.

क्षणात कोंडाळं झालं. कुणीतरी पळत जाऊन शेजारच्या गावठी दवाखान्यातून एक इंजेक्शन आणि सुई घेऊन आला. म्हणाला, छातीत दुखलं की तिथे हेच देतात, टोचा सिस्टर. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. सुई टोचणं मला येत होतं, डोळे मिटून आलं असतं. पण बाटलीत काय आहे, ते या माणसाला तारेल की मारेल, यातलं मला काही माहीत नव्हतं.

आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "दे टोचून. सगळी बघत्यात."

मी सुई खाली ठेवली आणि मोठ्याने बोलले, कारण हळू बोलले असते तर आवाज फुटला नसता. "आबा, हे मला शिकवलेलं न्हाई. मी अजून पुरी नर्स न्हाई. गाडी काढा."

आबांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. पण गाडी निघाली, म्हशी वाहायचा पिकअप. मी म्हाताऱ्याला एक पाऊलही चालू दिलं नाही. चौघांनी खाटेसकट उचलून वर ठेवलं. कडब्याच्या पेंढ्यांना पाठ टेकवून त्याला अर्धवट बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि नगरपर्यंत त्याचं मनगट धरून बसले. आबा पुढे ड्रायव्हरशेजारी होते. घाटात गाडी हेलकावे खात होती आणि म्हातारा मलाच धीर देत होता, घाबरू नको बाई, मी कुठं जात न्हाई.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, वाटेत कुणी काही टोचलंय का? मी नाही म्हणाले. ते म्हणाले, बरं केलंत. आबा माझ्या मागेच उभे होते. मी दाराशीच थांबले. आत एक स्टाफ नर्स होती, माझ्याहून फार मोठी नसावी. तिने छातीला वायरी लावल्या, मशीनमधून रेघांचा कागद निघाला, तो तिने एकदाच पाहिला आणि डॉक्टर बोलायच्या आत ट्रे भरायला घेतला. तिचे हात थांबत नव्हते. मला तिचा हेवा वाटला, अगदी जळफळाट झाला. मला त्या रेघा वाचायच्या होत्या. त्या क्षणी जगातलं दुसरं काही मला नको होतं, नोकरी नको, स्थळं तर नकोच.

संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या घरचे आले, त्याचा धोका टळला, आणि आम्ही त्याच पिकअपमधून परत निघालो. मी आता आबांच्या शेजारी पुढे बसले होते. मी पिशवीतला कागद काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जीएनएम, तीन वर्षं, त्यानंतरची नोंदणी. आबा समोर रस्त्याकडे बघत होते. पांढरीपूल आला आणि गेला. ड्रायव्हरने रेडिओचा आवाज आपणहून बारीक केला. मला वाटलं, संपलं.

मग आबा म्हणाले, "अख्ख्या बाजारात मी सांगून बसलोय, माझी पोरगी नर्स हाय म्हणून. आज तू चारचौघांत मला खोटं पाडलंस."

मी मान खाली घातली.

"आता काय मी माझा शब्द माघारी घिऊ? त्ये माझ्याच्यानं व्हनार न्हाई." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा नसल्यामुळे लांब धरून पाहिला आणि नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. "तीन वर्सं बाजारात कुनाला काय सांगायचं त्ये मी बघून घेतो. तू तेवढं त्ये खरं करून ये."