खुळखुळ

गाडीच्या मागून आवाज येत असेल, तर मिस्त्री आधी डिकी रिकामी करायचे आणि मग स्वतः डिकीत शिरायचे. स्टेपनी बाहेर, जॅक बाहेर, गिऱ्हाइकाच्या जुन्या चपला-छत्र्या बाहेर. सैल जॅक हा निम्म्या आवाजांचा बाप, असं ते म्हणत. एवढं करूनही आवाज राहिला, तर अंगाचं मुटकुळं करून आत आडवे व्हायचे, झाकण लावून घ्यायचे आणि आतून पत्र्यावर थाप मारायचे. मग गिऱ्हाइकाने गाडी गल्लीतून न्यायची, गतिरोधकांवरून, खड्ड्यांतून. परत आल्यावर मिस्त्री कंबर धरून बाहेर पडत आणि दोन शब्दांत निकाल देत. "डावा शॉकअप." "सायलेन्सरचा रबर." निकाल सहसा चुकायचा नाही.

शेजारच्या गाळ्यातला पेंटर त्यांना 'कान' म्हणायचा. "कान, लवकर बाहेर या! नाहीतर गिऱ्हाईक तुम्हाला तसंच घरी नेईल, आणि त्याची बायको पिशवी ठेवायला डिकी उघडेल."

नियम एकच होता, गिऱ्हाइकाच्या शब्दावर जायचं नाही. गिऱ्हाईक खडखड म्हणतं तेव्हा ठकठक असते आणि धाडधाड म्हणतं तेव्हा नुसती कुरकुर.

हा नियम मोडला तो कान गेल्यावर. ते एकदम गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग पेंटरचे निम्मे टोमणे. आयुष्यभर पत्रा ठोकल्याचा तो परिणाम होता. बायको हयात नव्हती, मुलगी लग्न होऊन गेलेली, त्यामुळे लक्षात यायला घरात कोणी नव्हतं. मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बोलू लागले. लोकांना वाटलं, म्हातारा हल्ली नीट ऐकून घेतो.

डिकीत शिरणं मात्र त्यांनी सोडलं नाही. आत अंधारात पडून राहायचे, धक्के खायचे आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकाचाच शब्द निकाल म्हणून त्याला परत करायचे. खडखड म्हणजे लिंक, ठकठक म्हणजे शॉकअप. बरेचदा जमून जायचं. जमलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं आणि ते का गेलं, याच्या खोलात मिस्त्री शिरत नसत.

अशात मुलगी गाडी घेऊन आली.

"बाबा, मागे खुळखुळ," ती म्हणाली आणि हसली.

ही बापलेकीची जुनी थट्टा. लहानपणी ती गॅरेजात खेळायची, तेव्हा बिघडलेली प्रत्येक गोष्ट तिच्या भाषेत खुळखुळ होती. ट्रकचं इंजिन खुळखुळ, पंखा खुळखुळ, शेजारच्या काकूंचा खोकलाही खुळखुळ. मोठी झाल्यावरही बापाकडे मिक्सर आणला काय नि सायकल आणली काय, शब्द तोच. अर्थ एवढाच, की बिघडलंय, पुढचं तुम्ही बघा.

"हे केव्हाचे मागे लागलेत, बाबांना दाखव, बाबांना दाखव."

"बघू," म्हणत मिस्त्री डिकीत शिरले. मुलीने गाडी फिरवली. एका खड्ड्यात त्यांच्या डाव्या खांद्याला हिसका बसला. नेहमीचा नव्हता, पत्र्याखालून कोणी लाथ घातल्यासारखा होता. पण खांद्याचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. बाहेर आले तेव्हा मुलगी त्यांच्याकडे बघत उभी होती. काहीतरी बोलणं भाग होतं. खुळखुळ म्हणजे सैल, आणि सैल म्हणजे बुश, जोडातला रबर.

"शॉकअपचा बुश गेलाय," ते म्हणाले.

बुश खरंच झिजलेला निघाला. मिस्त्रींना हायसं वाटलं, आणि त्या भरात चाकाला धरून ठेवणारा मागचा आर्म पहार घालून हलवून बघायचा राहिला. पूर्वी कान नेमकी जागा सांगायचे, पहारेची गरजच पडायची नाही. कान गेले तरी ही सवय गेली नव्हती.

पुढे एकदा मुलीचा फोन आला. फोनवर त्यांना आवाजाचे फक्त चढउतार कळायचे. आवाज प्रश्नासारखा वर गेला तसे ते म्हणाले, "हो हो, नवीन आहे, बसेल हळूहळू."

त्यानंतर काही दिवसांतच एका उतारावर मागचं डावं चाक आर्मसकट निसटलं. गाडी फिरली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडीत जावई एकटाच होता. डॉक्टरांना त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गाडी ओढून मिस्त्रींच्याच गॅरेजात आणून टाकली. पेंटरने लांबून बघितलं आणि हातातली स्प्रे-गन खाली ठेवली. मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली शिरले. आर्म जिथे बॉडीला जोडलेला असतो, तिथला जाड पत्रा फाटला होता. त्यांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बहुतेक कड गंजून काळी पडलेली, टोकाची चिंचोळी पट्टी तेवढी चकचकीत. चकचकीत भाग अपघाताच्या दिवशीचा, काळा कितीतरी आधीचा. असा आर्म मुका राहत नाही. प्रत्येक खड्ड्यात बोंब मारतो.

ते बाहेर आले तेव्हा मुलगी दारात उभी होती, थेट हॉस्पिटलमधून आलेली.

"आवाज कसा होता गं?" त्यांनी तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

"धाड, धाड. घण मारल्यासारखा."

"मग खुळखुळ का म्हणालीस?"

"मी नेहमी तेच म्हणते, बाबा. तुम्ही कधी माझ्या शब्दावर गेलात? बुश बदलल्यावरही आवाज येत होता. फोनवर सांगितलं ना तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बसेल. हे म्हणत होते दुसऱ्या कोणाला तरी दाखवू. मीच गप्प केलं. म्हटलं, बाबा स्वतः डिकीत पडून ऐकून आलेत, तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

मिस्त्रींना तिच्या तोंडाकडे बघवेना. ते पाठ करून पुन्हा गाडीपाशी वाकले. फडकं घेऊन फाटलेली कड पुसू लागले. गंज पुसून जाणारा नव्हता, तरी पुसत राहिले.

वळले तेव्हा मुलगी तिथेच होती. तोंड मिटलेलं. मागे पेंटर येऊन उभा राहिला होता आणि तोही मिस्त्रींकडेच बघत होता. मघापासून मुलगी काहीतरी बोलत असणार, पुन्हा पुन्हा, कदाचित ओरडूनही. आता ती बोलायची थांबली होती, एवढंच त्यांना कळलं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

ती पुढे आली, अगदी समोर. आणि तान्ह्या मुलाशी बोलावं तसे ओठ सावकाश, मोठे उघडत म्हणाली, "कधी-पासून?"