लिंबाभोवतीचा षटकोन

माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि वडूजला परतले. त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी कधीही ऐकला नव्हता. एकदा साताऱ्याला माझ्याकडे यायला निघाले आणि सांगलीच्या गाडीत बसले, तर तिथून आष्ट्याला आत्याकडे जाऊन मुक्काम ठोकून आले. "भनीला भेटायचंच हुतं," म्हणाले. मी साताऱ्यात गणित शिकवते. पोरांच्या चुका रोज काढते. आबांनी जन्मात एकदा तरी स्वतःची चूक कबूल करावी, एवढीच माझी हौस होती.

यंदा सुट्टीत वडूजला गेले, तर आबांनी दारातल्या लिंबाभोवती कट्टा बांधायचं काढलेलं. षटकोनी, सगळ्या बाजू सारख्या. गवंडी उद्या येणार, त्याआधी आखणी हवी. मी दोरी आणि खुंटी घेऊन आले.

"ठेव ती. म्या चालून आखतो. कोपऱ्यावर मोबाइलच्या होकायंत्रात बघून वळायचं. हाय काय आन न्हाई काय!"

बाजू केवढी घ्यायची ते मी सांगितलं: झाडापासून कोपरा जेवढा लांब, तेवढीच. मग त्यांनी विचारलं, "आन षटकोनाचा कोन किती गं?"

"एकशे वीस."

उत्तर बरोबर होतं. आबा त्याचं काय करणार, तेही मला दिसत होतं. पण विचारलं तेवढंच सांगावं, हा त्यांचाच फौजी शिरस्ता.

आबांनी स्वतःलाच "तेज चल"चा हुकूम दिला आणि मुठीतून पांढरी फक्की सांडत निघाले. पहिली बाजू झकास आली. कोपऱ्यावर मोबाइलमध्ये पाहत ते नेमके एकशे वीस अंश वळले आणि ताठ मानेनं चालत थेट लिंबाच्या बुंध्यापाशी पोचले. नाक खोडाला टेकायचं तेवढं बाकी होतं.

ओट्यावर तांदूळ निवडणारी आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

"झाड जरा अलीकडं आलंया," आबा म्हणाले.

मी हसू दाबून फक्की घेतली आणि पहिली बाजू तशीच पुढं ओढली. "आबा, एकशे वीस हा आतला कोन, दोन बाजूंच्या मधला. चालणारा वळतो तो बाहेरचा. सरळ गेला असता त्या वाटेपासून नव्या वाटेपर्यंत. एकशे ऐंशीतून एकशे वीस गेले, राहिले साठ. साठ-साठ असं सहा वेळा वळलं की पुरी गिरकी, तीनशे साठ."

"पंचकोन असता तर?"

"तीनशे साठला पाचानं भागायचं. बाहेरचा बहात्तर, आतला एकशे आठ."

"म्हंजी बाजू कितीबी असूंद्यात, भायेरून गिरकी एकच."

"व्हय."

आता 'चुकलं' म्हणतील, म्हणून मी कान टवकारले. आबांनी चुकीची रेघ पायानं पुसली. पहिल्या खुणेवर जाऊन सावधान उभे राहिले.

"कमांड तू दे."

मी फक्की त्यांच्या हाती दिली. या घरात उठण्यापासून जेवणापर्यंत हुकूम सुटायचा तो त्यांचाच.

"तेज चल!" माझा आवाज जरा चिरकला.

प्रत्येक कोपऱ्यावर मी "मुड" म्हणाले, प्रत्येक कोपऱ्यावर ते साठ अंश वळले. सहावी रेघ पहिल्या खुणेला जाऊन भिडली. शेवटचं वळण घेऊन आबा निघाले होते त्याच तोंडानं उभे राहिले आणि 'थम'ची वाट बघत जागच्या जागी पाय आपटू लागले.

"आगं, थांबीव की त्यास्नी!" आई दारातून ओरडली.

"थांबवते," म्हटलं, आणि आधी सावकाश हातांची फक्की झटकली.