खऱ्या गरजूंच्या गावी

वर्धा स्टेशनावर उतरले तेव्हा साडेसात वाजले होते. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. बाहेरच्या गाडीवर पोहे मागितले, तर पोहेवाल्याने आधी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सर्व्हेवाल्या आहे का?"

"नाही हो, विद्यार्थिनी आहे."

त्याने पोह्यांवर तर्री (चण्याचा तिखट रस्सा) ओतली आणि बाजूच्या माणसाला म्हणाला, "पयले असंच सांगतेत सारे."

मी पुण्यात पीएच.डी. करते. सरकारी योजनांबद्दल बोलताना राजकीय पक्ष कोणते शब्द वापरतात आणि त्या शब्दांमधून कोण बाहेर राहतं, हा माझा विषय. दोन वर्षं भाषणं, पत्रकं, जाहीरनामे वाचत होते. पक्ष कोणताही असो, एक शब्द हमखास सापडायचा: 'खरे'. खरे गरजू, खरे लाभार्थी. म्हणजे कुठेतरी खोटेही असणार. ते कोण, हे व्यासपीठावरचा माणूस सांगत नाही. मग समोर बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे कोण येतं? एवढंच विचारायला मी आले होते.

सावंगी (मेघे) इथे शाळेतली मैत्रीण श्वेता नर्स आहे. तिच्या खोलीवर सामान टाकलं आणि देवळीची बस पकडली. दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेली रानं उघडी पडली होती, तूर पिवळ्या फुलांवर होती, आणि मध्ये मध्ये पांढरा कापूस. देवळीहून पुढे ज्या गावाला गेले त्याचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

गावात प्रमोदभाऊंची ओळख कुणीतरी करून दिली होती. चाळिशीचे, एका पक्षाचे बूथप्रमुख, चौकात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान. चहा पाजला, खुर्ची फडक्याने पुसून दिली. "ताई, तुमाले पाच घरं दाखोतो. बिनधास्त इचारा."

पाचही घरांत ते माझ्यासोबत होते. पहिल्या घरी आजोबा म्हणाले, "सगळ्यायले भेटलं. कोनाची तक्रार नाई." दुसऱ्या घरी सून म्हणाली, "सगळ्यायले भेटलं जी, कोनाची तक्रार नाई." चौथ्या घरी तर मी प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं. पाचव्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघतच नव्हती. ती दारात उभ्या असलेल्या प्रमोदभाऊंकडे बघून बोलत होती.

परतीच्या बसमध्ये वही उघडली तर पाच पानांवर एकच वाक्य होतं. मला प्रमोदभाऊंचा संशय येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता निघाले. कंडक्टरने एक फाटा आधीच उतरवलं, म्हणून दीड-दोन किलोमीटर पायी जावं लागलं. वाटेत कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या. कमरेला ओटी बांधून, गप्पा मारत चालल्या होत्या. मी जवळ आले तशा गप्पा थांबल्या. मी पुढे गेले, वळून पाहिलं, तर सगळ्या उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. एकीच्या कानाला मोबाइल होता.

बौद्ध वस्तीत विहाराच्या मागच्या गल्लीत वच्छलाबाई अंगणात बसून सांबार (कोथिंबीर) निवडत होत्या. वय साठीचं असेल. गुडघा सुजला होता, म्हणून त्या दिवशी वेचणीला गेल्या नव्हत्या. मी नाव विचारून वही उघडली, तर त्यांनी काडी माझ्या वहीकडे रोखली.

"नाव काऊन लिहून राह्यली?"

"नाही लिहीत," म्हणून मी वही मिटली.

"मांगच्या साली अशीच एक पोट्टी आलती. गोड बोले. घरात काय काय हाय ते मोबाइलमधी टिपून गेली. मंग घरकुलाची यादी आली, त्यात माहं नाव नाई."

मी ओळखपत्र दाखवलं, फोन नंबर असलेला कागद दिला, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांचा विश्वास बसला असं वाटत नाही. पण बोलायची इच्छा त्यापेक्षा मोठी असावी. रेकॉर्डिंगला त्या हो म्हणाल्या आणि तासभर बोलल्या. यादीतून नाव कसं गेलं, कोणामुळे गेलं असं त्यांना वाटतं, सगळं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. मग मी देवळीच्या सभेतल्या भाषणाचं विचारलं.

"गेलतो ना आमी देवळीले, गाडी आलती न्यायले. थो नेता स्टेजवरून मने, खोट्यायले बाहीर काढलं, खऱ्यायले देलं. साऱ्यायनं टाळ्या वाजोल्या. म्या बी वाजोल्या."

"तुमचं नाव गेलेलं तेव्हा माहीत होतं?"

"नाई. थे मंग समजलं."

"टाळ्या वाजवताना 'खोटे' म्हणजे कोण वाटलं होतं?"

त्यांनी हातातली काडी सुपात टाकली. मग हळूच समोरच्या घराकडे मान हलवली. "हे. हिच्या घरी फ्रीज हाय."

मला हवं होतं ते नेमकं हेच होतं. दोन वर्षांच्या कामातलं सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं म्हणून मी मनातून हरखले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली.

"ताई! एकट्याच काऊन आल्या? मले फोन तं कराचा," चालू रेकॉर्डिंगकडे बघत प्रमोदभाऊ हसत म्हणाले.

वच्छलाबाईंनी सुपात मान घातली. "सगळ्यायले भेटलं बाई," त्या म्हणाल्या, "कोनाची तक्रार नाई."

प्रमोदभाऊंनी मला दुकानात नेलं. पुन्हा चहा आला. "रेकॉर्डिंग मले पाठवून द्या. नावं नको, कोन नाराज हाय तेवढंच समजलं पायजे."

"ते मला देता येणार नाही."

"तुमाले वाटते, मी कोनाचं नाव कापीन." त्यांचं हसू पहिल्यांदा गेलं. "ताई, मी बी याच गावचा हाओ. यादी पुन्हा बनून राह्यली. कोनाचं सुटलं ते समजलं तं टाकता येते. तुमी लिहून पुन्याले जासान. मी इथंच राह्यतो."

ते खरं बोलत असतील का? मला ठरवता आलं नाही. मी एकही नाव सांगितलं नाही.

संध्याकाळी श्वेताच्या खोलीवर भात लावत असताना फोन वाजला. वच्छलाबाई होत्या. "बाई, थे मी बोलली थे पुसून टाक."

सकाळी पहिल्या बसने गेले. जाताना, खोटं कशाला बोलू, मनात हिशेब चालू होते: नाव बदलू, गाव बदलू, आवाज कुणाला ऐकवणार नाही. पण त्यांनी जे सांगितलं होतं ते त्या गावात एकाच बाईच्या बाबतीत घडलं होतं. नाव बदलून ती लपणार नव्हती. त्यांच्या समोर बसून मी रेकॉर्डिंग पुसलं आणि रिकामा पडदा त्यांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला.

"टाळ्यायचं लिह्यजो," त्या म्हणाल्या. "थे चालते. थ्या तं साऱ्यायनंच वाजोल्या."

मग त्यांनी भाकर आणि सांबाराची चटणी वाढली. आम्ही दोघी जेवलो.

पुण्याला येऊन दीड महिना झाला होता. प्रमोदभाऊंनी फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. घरकुलाची नवी यादी. एका नावाभोवती लाल गोल. वच्छलाबाईंचं नाव. खाली लिहिलं होतं, "सांगतलं होतं ना ताई."

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. मग थबकले. वस्तीत नाराज माणसं खूप असणार. त्यांतलं नेमकं हेच नाव माझ्यासाठी का गोल केलं? मी तर एकही नाव सांगितलं नव्हतं; पण त्यांनी मला वच्छलाबाईंच्याच अंगणात पाहिलं होतं.

वच्छलाबाईंना फोन लावला. अभिनंदन केलं.

"हो, आलं," त्या म्हणाल्या. मागे कुठेतरी भांडी वाजत होती. "तू सांगतलं का त्याले?"

"नाही. शपथ."

"मंग त्याले कसं समजलं?"

"त्यांनी मला तुमच्या अंगणात पाहिलं होतं, तेवढ्यावरूनच असेल."

"वस्तीतल्या बाया मले इचारून राह्यल्या, का वच्छला, तूनं प्रमोदले काय सांगतलं, तुहंच कसं आलं. समोरचीचं गेलं ना या टायमाले. थे माह्याकडून पानी बी घेत नाई आता." त्या थांबल्या. "तू शिकली हायेस. मी यायले काय सांगू?"

माझ्या प्रबंधात 'खरे' या शब्दावर एक अख्खं प्रकरण आहे. तो शब्द कोणत्या भाषणात किती वेळा येतो, कोणत्या शब्दाशेजारी बसतो, हे सगळं मी त्यात मांडलं आहे. पण वच्छलाबाईंना सांगण्यासारखं एकही वाक्य मला त्या प्रकरणातून काढता आलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे. त्या "बरं, ठेवतो" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.