मालकांचं पोट

मी अंगणवाडीत शिकवते. पोरांना आजवर एकच धडा घोकून घेतला: जंतू म्हणजे वैरी, जेवायच्या आधी हात धू. त्यामुळं कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या की तुमच्या यजमानांच्या पोटातले चांगले जंतू कमी झाले असतील, तेव्हा मला आधी रागच आला. जंतूंत कसलं आलंय चांगलं?

पण ते नंतरचं. आधी विहिरीचं सांगायला पाहिजे.

मालक, म्हणजे माझे यजमान, विहिरीतला गाळ काढायचं काम करत. खटकचिंचोळीत आमच्यापासून चार घरं सोडून त्यांचा जोडीदार राहायचा. उन्हाळा लागला की दोघं क्रेन भाड्यानं घेत, खाली उतरत आणि टोपल्या भरून वर पाठवत. लग्न माझ्याशी झालं असलं तरी संसार त्या जोडीदाराशी आहे, असं मी चारचौघांत म्हणायची. दोन वर्षांमागं दुबलगुंडीकडच्या एका जुन्या विहिरीचा काठ दुपारी ढासळला. मालक छातीपर्यंत मातीत रुतले. जोडीदार दोन हातांवर, पण दगडमातीच्या आड. लोकांनी जेसीबी आणून शेजारून खणलं तोवर दिवेलागण झाली. मालक जिवंत निघाले. जोडीदार निघाला तेव्हा तो गेलेला होता.

मालकांच्या पिंडरीला बरेच टाके पडले. आमच्याकडं टाके घातलेल्या माणसाला आंबट देत नाहीत. आंबटानं जखमेत पू होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ताक बंद केलं, दही बंद केलं, चिंच तर घरातूनच हलवली. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील म्हणजे ह्यांचा जीव की प्राण, तीही बंद. भाकरी जड पडते म्हणून बंद, वरण वातूळ म्हणून बंद. उरलं काय? साबुदाणा, पांढरा भात आणि चहात बुडवलेले टोस्ट. जखम पुन्हा पुन्हा चिघळायची, पुन्हा अँटिबायोटिकच्या गोळ्या यायच्या, आणि मी आणखी कडक व्हायची. पायाची जखम भरून आली तरी मी पथ्य सोडलं नाही. दवाखान्यातली नर्ससुद्धा इतकं करणार नाही, अशी माझी घमेंड होती.

पाय बरा झाला, पण पोट बिघडलं. रस्त्यावरून क्रेन गेली की मालक परसाकडं धावायचे. कुणी फावडं आपटलं तरी तेच. झोपेत दोन्ही हातांनी अंथरूण उकरायचे. जेवायला बसले की दोन घासांवर ताट सरकवायचे.

जोडीदाराची बायको मला मोठ्या बहिणीसारखी, मी तिला अक्का म्हणते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे जोडीदाराच्या दिवसकार्याच्या वेळी मालक दवाखान्यात होते, त्यामुळं त्यांची तिची भेट झाली नव्हती. नंतर तिनं तीनदा निरोप धाडला: एकदा येऊन सांगून जावा, माझं माणूस शेवटी काय बोललं. एवढंच मागणं होतं बाईचं. तिसऱ्या निरोपानंतर मालकांनी धुतलेला सदरा घातला, उंबरा ओलांडला, दुसऱ्या घरापर्यंत गेले आणि पोट धरून माघारी आले. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

गावात कुजबुज सुरू झाली की ह्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, नाहीतर तोंड कशाला लपवतोय. ते ऐकून माझं डोकं फिरलं. एक दिवस हे माघारी आले तेव्हा मी अंगणातच तोंड सोडलं, "चार घरं हैत, चार! कामून सोंग करायलाव पोटाचं? ती बाई तिकडं वाट बघून मरायलीय!"

मालक दारातच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी जे बोलले त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

मग दवाखाने सुरू झाले. भालकी झालं, बीदर झालं, उदगीरही झालं. नळी घालून पोट बघितलं, रक्त बघितलं, सगळीकडं एकच उत्तर: रिपोर्ट नॉर्मल. माणूस वाळून काडी झालाय आणि म्हणे नॉर्मल. शेवटी कलबुर्गीच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं की हे सुरू व्हायच्या आधी काय घडलं होतं. मी विहिरीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. वर पाटी मनाच्या डॉक्टरांची होती. मी म्हटलं, आमचं माणूस येडं न्हाई. मालक म्हणाले, "आलाव तं बसू की."

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या होत्या, अर्धं कन्नड अर्धं दखनी हिंदी बोलायच्या. त्या म्हणाल्या की मोठा आघात झाला की कधी कधी शरीराला तो संपल्याचं कळतच नाही. ते अजून विहिरीतच असतं. मेंदू आणि आतडी यांचं एकमेकांशी सारखं बोलणं चालू असतं, म्हणून भीती पोटात उतरते, आणि बिघडलेलं पोट उलट मेंदूला सांगतं की धोका आहे. त्यात आतड्यांत कोट्यवधी जंतू राहतात, आपल्या कामाचे. अशा आजाराच्या काही माणसांत त्या जंतूंची घडी वेगळी दिसली आहे, असं संशोधन करणारे म्हणतात.

"म्हंजे जंतूंनी हे केलं का?" मी विचारलं.

त्या हसल्या. आघातानं जंतू बदलले की जंतूंमुळं आघात खोल गेला, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही, म्हणाल्या. मग खायला काय देता ते विचारलं. मी माझं पथ्य अभिमानानं सांगत गेले आणि त्यांची भुवई वर चढत गेली. इतक्या अँटिबायोटिकनंतर त्या बिचाऱ्या जंतूंना तुम्ही उपाशीच ठेवलंत की, म्हणाल्या. भाकरी, डाळ, ताक, आंबील हळूहळू सुरू करा. पण दह्यानं हा आजार बरा होतो असं गावात सांगत फिरू नका. खरा इलाज गोळीचा आणि दर पंधरा दिवसांनी इथं येऊन बोलण्याचा.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मालकांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "म्याच उपाशी ठिवलं तुमाला." तर म्हणाले, "आगं, तुज्या हातचं हाय म्हनून दोन घास तरी जात हुते."

बोलायला ते सात-आठ महिने जात राहिले. आत काय बोलायचे ते मी विचारलं नाही, आणि न विचारणं हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. अंगावर थोडं मांस आलं. क्रेन गेली की अजूनही गप्प व्हायचे, पण जागेवर बसून राहायचे. मग एका सकाळी म्हणाले, "चल, वैनीकडं जाऊ."

दुसऱ्या घरापाशी थांबले. पोटावर हात ठेवून उभे राहिले. मग पुढं निघाले.

अक्का अंगणात तूर पाखडत होती. मालक "जयभीम, वैनी" म्हणाले आणि समोर मातीतच बसले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आमी बोलत हुतो," मालक म्हणाले. "त्यो दगडाआडून बोलायचा, मी हिकडून. माजा हात पोचंना वैनी, लई केलं पर पोचंना. रस्सी भिजलीय, वर गेलो की वाळत घाल, म्हनला. त्येच्या म्होरं त्यो बोलला न्हाई. मला कळलंच न्हाई कवा थांबला. मी आपला बोलतच ऱ्हायलो, लोक येईपतोर. मेलेल्या मानसाशी बोलत बसलो. कोन्त्या तोंडानं सांगायला येऊ?"

अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"म्हंजे जाताना त्येंच्या कानावर तुमचं बोलनं हुतं," ती म्हणाली. "मी दोन वर्सं समजायले, अंधारात एकलंच गेलं माजं माणूस."

मग ती जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "पहिल्यापसून सांगा. सकाळी तुमी दोघं घरून निघालाव तितून." मालकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, एकदाही न उठता.