इंदापूरची गाडी

डिझेलचा वास आला, की मला बारामतीचं एसटी स्टँड आठवतं. मी चौथीत होते. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून गाडीची पाटी ती मला विचारायची. पण मला अक्षरं एका जागी थांबलेली दिसायचीच नाहीत, आणि हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. "हीच इंदापूरची का गं?" तिनं विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. गाडी सुटली. थोड्या वेळानं तिकिटं फाडत आलेला कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही तर फलटणची हाय." त्यानं आम्हाला पुढच्या फाट्यावर उतरवलं. दिवस मावळत होता, दोन्ही बाजूंना नुसता ऊस, जवळपास वस्ती दिसेना. आता मार बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. आई माझ्यासमोर उकिडवी बसली. मग हळूच म्हणाली, "तुला बी अक्षरं हलत्यात का? माझी बी हलायची. मार खाऊन खाऊन साळा सोडली मी." तिनं माझा हात घट्ट धरला आणि आम्ही अंधारात बारामतीकडं चालत निघालो. यंदा माझी मुलगी पहिलीत गेलीय. ती पुस्तक उघडते, तेव्हा तिच्या शेजारी बसायचा मला धीर होत नाही.