सांडव्यावरची ओटी

धरण भरलं की आमच्या सासरी पेढे वाटतात. माझ्या माहेरी त्याच दिवशी धान्याची पोती माळ्यावर चढवतात. सासर लातूरकडचं, माहेर नायगावच्या पुढे नदीकाठचं, आणि दोन्हीकडचं पाणी एकाच धरणातलं. त्या धरणाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, "हां, तिथं असंच चालतं," आणि आपापल्या धरणाकडे बघायचं सोडून देतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. धरणाचे फायदे आमची मुलं झोपेतही सांगतील: सिंचन, पिण्याचं पाणी, वीज, मासेमारी. तोटे विचारले की पुनर्वसनाचं एक वाक्य लिहितात आणि मोकळी होतात. धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसांवर धडाच नाही. मी एकदा वर्गात तो शिकवायला घेतला, तर मुख्याध्यापकांनी परीक्षेत येणार आहे का म्हणून विचारलं.

सासरच्या पेढ्यांना मी नावं ठेवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा नळाला पाणी येणं हाच सण होता. टँकरमागे धावताना सासूबाईंच्या पायाचा अंगठा फुटला होता, पण त्यांनी घागर सोडली नव्हती. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्या बाईने अशी तहान काढली तिला भरलेलं धरण बघून रडू येतं, आणि ते रडू खरं असतं.

पण माझी आई खाली राहते. वडील गेल्यापासून ती एकटीच आहे. नदीच्या अंगाला घर, मागे चार शेळ्या, पलीकडे शेत. "लातूरला ये," म्हणून मी तिच्या मागे लागून थकले. "म्या कामून येऊ?" एवढंच तिचं उत्तर. "मी काय नदीत घर बांधलंय का? नदीच माझ्या घरात येऊन राहिली."

तिचं खोटं नाही. तिच्या लहानपणीही पूर यायचा, पण तो चढताना दिसायचा. पाणी आधी गढूळ व्हायचं, मग काठावरची बाभळ बुडायची, मग मारुतीच्या पायरीला लागायचं. तोवर माणसं, जनावरं, चूल, सगळं उचलून व्हायचं. आता पाऊस न पडता, लख्ख उन्हात नदी घरात शिरते, कारण वर कोणीतरी दरवाजे उचललेले असतात. त्यावर उपाय म्हणून सरकारने गावाभोवती मातीचा बांध घातला. तो आमच्या गल्लीपाशी येऊन संपला. का संपला ते कोणी सांगत नाही. पाणी त्या उघड्या तोंडातून आत येतं आणि मग त्याच बांधामुळे बाहेर जात नाही. पूर ओसरल्यावरही आमच्या गल्लीत बेडूक ओरडत असतात.

गेल्या साली धरण काठोकाठ भरलं आणि जलपूजन ठरलं. मोठे पाहुणे येतात, पाण्यात साडी-चोळी आणि नारळ सोडतात, फोटो निघतात. पाहुण्यांना सवड होईपर्यंत पाणी थोपवून धरतात असं गावातले सगळे म्हणतात. धरणावरचे म्हणतात की असं काही नसतं. मला एवढंच माहीत आहे की सकाळी पूजा झाली, आम्ही पेढे खाल्ले आणि दुपारी दरवाजे उचलले. आईने कापून रचलेली सोयाबीनची गंजी जशीच्या तशी तरंगत गेली. घराची मागची भिंत बसली. आई शेळ्या घेऊन शाळेच्या गच्चीवर गेली आणि तिथे तिच्या मोबाइलवर निरोप आला. इतके क्युसेक विसर्ग सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

तिने मला फोन करून तो निरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "सतर्क म्हंजी काय करावं? हे पाणी मारुतीच्या पायरीला लागणार का माझ्या चुलीला, ते कुठं लिव्हलंय?" मी शिकवते त्या भूगोलातही ते कुठं लिहिलेलं नाही. मला संताप असा आला की त्या दिवशी घरातला पेढ्यांचा पुडा मी गल्लीतल्या कुत्र्यांना घातला.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्या गावात पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की सवाष्णी नदीची ओटी भरतात. खण, नारळ, गहू, हळकुंड, बांगड्या. ओटी भरतात ती निघालेल्या बाईची. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची ओटी भरायची, मग तिने मागे वळून बघायचं नाही, चालू लागायचं. तशी नदीचीही ओटी भरून तिची बोळवण करायची, म्हणजे ती आल्या वाटेने जाते. माझी आई विधवा, त्यामुळे वडील गेल्यापासून ती या कार्यक्रमात मागे उभी असायची, दुसऱ्यांच्या हातात नारळ देत.

यंदा धरण पुन्हा भरत आलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने फोनवर मला सांगितलं ते असं: आपण इथं ओटी भरून नदीची बोळवण करतो आणि ते लोक तिकडं धरणावर तिची ओटी भरतात. मग बोळवण होऊन ती जाणार कुठं? आपल्याच घरी. ते तिला साडी-चोळी करून आपल्याकडं पाठवतात आणि सांगतही नाहीत की पाहुणी निघाली. "जलपूजन कधी हाय ते तपास कर," ती म्हणाली. "आमी बाया येऊन राहिलो."

त्या आल्या. जीपमध्ये दाटीवाटीने बसून आईसोबत गल्लीतल्या पाच-सहा बायका आदल्या संध्याकाळी माझ्या दारात उतरल्या. सासूबाईंनी पिठलं-भाकरी केली, सगळ्यांना वाढलं, आणि हात धुताना आईला विचारलं, कशासाठी आलात ते नीट सांगा. आईने सांगितलं. पाणी आधीपासून थोडं थोडं सोडा, आणि सोडायच्या आधी आम्हाला कळवा, गंजी हलवायला वेळ मिळेल एवढं आधी.

सासूबाईंचा चेहरा उतरला. पाणी सोडून दिलं आणि पुढे पाऊस आला नाही तर उन्हाळ्यात आम्ही काय प्यायचं, असं त्यांनी सरळ विचारलं. मी मधे पडायला गेले, पण दोघींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "ईनबाई, तुमी लई घागरी वाहिल्या. घागर कधी काठोकाठ भरून डोईवर घेतली का?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "चार बोटं कमीच ठिवावी लागती. न्हाईतर चालताना अंगावर सांडतंय."

"मग ही घागर सांडती ती आमच्या अंगावर."

सासूबाई उष्टी ताटं गोळा करायला लागल्या. मग त्यांनी दुसरी अडचण काढली, आणि ती मला अपेक्षितच होती. ओटी कोण भरणार? कुठल्याही सवाष्ण बाईला पुढे करा, तुम्ही नको, लोक नावं ठेवतील. त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण आईचा आवाज चढला. "नदी माझ्या घरात शिरताना विचारती का, कुकू हाय का न्हाई? भिंत माझी पडली. ओटी मीच भरणार."

ओटीचं सामान काढताना मी एक आगाऊपणा केला. गेल्या सालचं काळं पडलेलं, वास मारणारं थोडं सोयाबीन आईने पिशवीत आणलं होतं, दाखवायला. म्हटलं, गव्हाऐवजी हेच घाल ओटीत, बघू दे सगळ्यांना. आई माझ्यावर खवळली. ओटीत खोटं धान्य घालत नसतात, भांडायचं तर चोख सामान घेऊन भांडायचं. तिने नवे गहू निवडून घेतले, एकेक खडा काढून.

दुसऱ्या दिवशी सासूबाईही आमच्यासोबत निघाल्या. धरणावर मांडव, ढोल, गाड्यांची रांग. आम्ही अडवले जाऊ अशी माझी खात्री होती. पण नटून-थटून, हातात ओटीचं ताट घेऊन आलेल्या बायका बघून कार्यकर्त्यांना वाटलं की आम्ही पूजेसाठीच आणलेल्या आहोत. त्यांनी आम्हाला अदबीने पुढच्या रांगेत बसवलं, पाणी दिलं, फेटे बांधायचे का म्हणून विचारलं. मला हसू आवरेना. आई मात्र सांडव्याचे दरवाजे बघत बसली होती. ते तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले. "एवढ्याशा चाकावर उचलतेत व्हय," एवढंच ती म्हणाली.

पाहुण्यांनी नारळ सोडला, टाळ्या झाल्या, आणि मग आमच्याकडे खूण झाली: चला, महिलांनी ओटी भरावी. आई उठली, पण पाण्याकडे गेली नाही. कडेला गळ्यात ओळखपत्र घालून एक तरुण पोरगी उभी होती, धरणावरची इंजिनिअर. आई ताट घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"पदर पसर, माय."

तिच्या अंगावर पंजाबी ड्रेस. तिने आधी आपल्या साहेबांकडे पाहिलं, मग आईच्या मोकळ्या कपाळाकडे. मागून कोणीतरी बोललंच, अहो, ह्यांच्या हातून कशी ओटी. आई जागची हलली नाही, ताट तसंच पुढे धरून राहिली. आणि तेव्हा माझ्या सासूबाई उठल्या. सणासुदीलाही कोणाच्या अध्यात-मध्यात नसणारी बाई. त्यांनी जाऊन त्या पोरीच्या ओढणीची दोन टोकं आपल्या हातांनी धरली आणि पसरली. "घे बाई. माझी ईन हाय ती."

आईने खण ठेवला, नारळ ठेवला, पाच ओंजळी गहू घातले, वर आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मग म्हणाली, "आता तू आमच्या गावची लेक झाली. लेक माहेरी पाव्हणी पाठवती तर आधी सांगती. पाणी सोडायच्या आधी मला फोन करायचा. क्युसेक नको सांगू, मारुतीच्या पायरीला लागणार का माझ्या चुलीला, ते सांग."

पोरगी चाचरत म्हणाली की पाणी सोडायचा हुकूम तिच्या हातात नसतो, वरून येतो.

"हुकूम वरून येऊ दे. फोन तर तुझा हाय."

पाहुणे हसत पुढे आले आणि आजीबाईंच्या भावनांचा आम्ही आदर करतो वगैरे सुरू केलं. सासूबाईंनी त्यांना पुरं करू दिलं नाही. "आमी ह्याच धरणाचं पाणी पितो, साहेब," त्या म्हणाल्या. "घागर चार बोटं कमी भरली तर आमाला चालतंय. हे मी लातूरकडची बाई सांगून राहिले. नंतर आमचं नाव पुढं करू नका." इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया किती वेळा पडले असेन, पण खऱ्या मनाने पडले ती त्या संध्याकाळी.

धरण चार बोटं कमी झालं नाही. ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगीच आशेवर राहायला नको. पाणी काठोकाठच ठेवलं. पुढे परतीचा पाऊस आला तेव्हा दरवाजे उचलावेच लागले, आणि आईच्या सोयाबीनची गंजी तेव्हा पुन्हा शेतातच होती.

पण दरवाजे उचलायच्या आधी, सकाळीच, आईचा फोन वाजला. पोरीने ओढणीला बांधून नेलेल्या गव्हाला जागून फोन केला होता. ती क्युसेक म्हणाली नाही. "मावशी, पाणी उद्या दुपारपर्यंत तुमच्या चुलीला लागंल," असं ती म्हणाली. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावभर पुकारा झाला. सगळी गल्ली कामाला लागली. गंजी ट्रॅक्टरने माळावर गेली, शेळ्या गेल्या, आजारी म्हातारी माणसं गेली, जात्याचा दगडसुद्धा गेला. सरकारी निरोप आला तोवर गल्ली रिकामी होती. पाणी आलं, बांधाच्या तोंडातून शिरलं, आणि नवी बांधलेली मागची भिंत घेऊन गेलं.

"भिंत गेली," आईने मला सांगितलं, वांगी स्वस्त झाली असं सांगावं तशी. "गंजी ऱ्हायली. भिंत काय, मी पुन्ना घालीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या पोरीची बदली झाली. शिक्षा म्हणून की रीतीप्रमाणे, ते मला कळलेलं नाही. मी दोन दिवस जेवले नाही. वाटलं, संपलं, आता पुन्हा तो सतर्कतेचा निरोप आणि पुन्हा शाळेची गच्ची. आईला बातमी द्यायला माझी जीभ उचलेना. शेवटी मी फोन केला आणि सांगितलं, तिच्या जागी नवा साहेब आलाय, पुरुष आहे, त्याची काही ओटी भरता येणार नाही.

मागून थापीचा आवाज येत होता. गवंडी भिंतीवर होता.

"बाप्याची वटी कशाला? टावेल-टोपी घेऊन ठिवली हाय," आई म्हणाली. "त्याला आहेर करायला घरी बोलवू. जेवायला वाढू. अन् पाठ टेकायला हीच भिंत देऊ, वल्ली हाय तवरच. थोडी पाठीला लावून जाऊ दे."